अर्ज वेगळा आणि मुक्काम वेगळा

दिवाळीनंतर महिनाभरासाठी दारव्हा तालुक्यातल्या माझ्या माहेरी आले आहे. शेतात कापसाची वेचणी चालू आहे आणि संध्याकाळी ओसरीवर बाबांशी बोलायला गावातली मंडळी येऊन बसतात. त्यांच्यापैकी दोघांच्या मुली लग्नानंतर व्हिजिटर व्हिसावर कॅनडात आपापल्या नवऱ्याकडे गेल्या आहेत, दोघींसाठीही स्पॉन्सरशिपचा अर्ज भरून झालेला आहे, आणि दोन्ही घरांत आता फक्त वाट पाहायची असा समज आहे. परवा त्यांच्यातले एक काका मला म्हणाले, "फाईल त टाकली न वं माय, मंग आता कायची भीती?" हा प्रश्न ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मी याच समजुतीत होते, आणि माझ्या पतींनी वेळीच शंका घेतली नसती तर मी एका तारखेला नकळत बेकायदा ठरले असते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्पॉन्सरशिपचा अर्ज म्हणजे तिथल्या जोडीदाराच्या आधारावर कॅनडाच्या सरकारकडे केलेली कायमच्या निवासाची मागणी. ती मंजूर होईपर्यंत तुम्ही त्या देशात कोणत्या अधिकाराने राहत आहात, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही स्वतंत्रपणे द्यावे लागते. पहिला अर्ज दाखल झाल्याने दुसऱ्या बाबतीतली मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ही एवढी साधी गोष्ट मला कोणत्याही सल्लागाराने सांगितली नव्हती. उलट आमच्या भागातल्या एका शहरात ज्यांच्याकडे आम्ही पैसे भरून सल्ला घेतला, त्यांनी "अर्ज गेला की स्टेटस (म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) आपोआप चालू राहते" असे ठामपणे सांगितले होते. त्या गृहस्थांना कॅनडाच्या कायद्याप्रमाणे शुल्क घेऊन असा सल्ला देण्याचा परवानाच नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. परवानाधारक सल्लागारांची नावे तेथील नियामक संस्थेच्या यादीत कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आम्ही ती यादी आधी पाहायला हवी होती.

आमचे लग्न फेब्रुवारी 2022 मध्ये गावातच, घरासमोर मांडव घालून झाले. माझे पती तेव्हा कॅनडाचे कायमचे रहिवासी झालेले होते आणि ओंटारियो प्रांतात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला नोकरी करत होते. मी व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज केला, बोटांचे ठसे देण्यासाठी बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन आले, आणि 14 ऑक्टोबर 2022 रोजी टोरांटोच्या विमानतळावर उतरले. अधिकाऱ्याने दोन-तीन प्रश्न विचारून पासपोर्टवर शिक्का मारला. शिक्क्यावर उतरल्याची तारीख होती, तिच्याखाली हाताने काहीही लिहिलेले नव्हते. व्हिसाच्या कागदावर मात्र मे 2023 ही तारीख छापलेली होती, आणि मी मनाशी धरून चालले की मे महिन्यापर्यंत आपल्याला काही करायचे नाही.

बहुतेक जण चुकतात ते इथेच. व्हिसावर छापलेली तारीख ही देशाच्या दारापर्यंत येण्याची मुदत असते. आत किती दिवस राहायचे हे त्या तारखेवरून ठरत नाही. अधिकाऱ्याने शिक्क्याजवळ वेगळी तारीख लिहिली असेल तर ती, आणि काहीच लिहिले नसेल तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने, असा नियम आहे. म्हणजे माझा मुक्काम 14 एप्रिल 2023 रोजी संपत होता. पतींनी एका रविवारी माझा पासपोर्ट उघडून शिक्का निरखून पाहिला, सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर दोनदा वाचला आणि मला ही गोष्ट सांगितली. त्याच रात्री मी घरी फोन केला. इथे बाबांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर एप्रिलचे पान उलटून 14 तारखेभोवती लाल पेनने गोल केला आणि मार्चच्या पानावर 14 तारखेला बारीक अक्षरात "अर्ज?" असे लिहिले, कारण मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी मुदतवाढीचा अर्ज करावा अशी तेथील खात्याची सूचना आहे. ते पान आईने अजून जपून ठेवले आहे.

मुदतवाढीआधी आणखी एक अडचण उभी राहिली. माझा पासपोर्ट जून 2023 मध्ये संपणार होता, आणि पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्याच्या पुढची मुक्कामाची परवानगी सहसा दिली जात नाही. म्हणून जानेवारीतच भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नूतनीकरणाचा अर्ज केला. त्या वेळी नात्यातल्या अनेकांनी आग्रह धरला की आता नवा पासपोर्ट निघतोच आहे तर त्यात नाव बदलून घे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते आणि मधले नावही वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, म्हणजे तीन शब्दांच्या नावातले दोन शब्द एका दिवसात बदलतात. पण माझा व्हिसा, बोटांच्या ठशांची नोंद, पदवीची प्रमाणपत्रे आणि नुकताच दाखल केलेला स्पॉन्सरशिपचा अर्ज हे सगळे माहेरच्या नावाने होते. मी नाव तेच ठेवले आणि पासपोर्टमध्ये फक्त पतीचे नाव नोंदवून घेतले. माझे मत असे आहे की अर्ज चालू असताना नाव बदलू नये; ज्यांना बदलायचे असेल त्यांनी तो निर्णय पहिला कागद भरण्यापूर्वी घ्यावा, नाहीतर प्रत्येक कागदासोबत दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा जोडत बसावे लागते.

नवा पासपोर्ट मार्चच्या पहिल्या आठवड्यात हातात आला आणि 11 मार्चला आम्ही व्हिजिटर म्हणून मुदत वाढवून मागणारा अर्ज ऑनलाइन भरला. शुल्क 100 कॅनेडियन डॉलर होते. सोबत विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, स्पॉन्सरशिपचा अर्ज मिळाल्याची खात्याची पोच, पतींच्या पगाराची आणि बँकेची कागदपत्रे, भाड्याच्या घराचा करार आणि माझे एक पत्र जोडले. पत्रात काय लिहावे यावर आम्ही दोन रात्री विचार केला. मी पत्नी म्हणून कायमची राहू इच्छिते हे लपवायचे, की सांगायचे? कॅनडाच्या कायद्यात याचे उत्तर स्पष्ट आहे: कायमचे राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या मुक्कामाच्या आड येत नाही, फक्त परवानगीची मुदत संपल्यावर ही व्यक्ती देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणून मी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लिहिल्या. स्पॉन्सरशिप चालू आहे, आम्ही एकत्र राहतो, खर्च पती करतात, आणि परवानगी नाकारली गेली तर मी परत जाईन. खोटे लिहून वेळ निभावून नेण्याचा सल्लाही आम्हाला मिळाला होता, पण माहिती दडवल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे त्या देशात प्रवेश बंद होतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते.

14 एप्रिल आला आणि गेला, उत्तर आले नव्हते. तरीही मी त्या दिवशी बेकायदा झाले नाही, कारण मुदत संपण्यापूर्वी अर्ज केलेला असेल तर निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर राहण्याची मुभा कायदा देतो. याला तेथे पूर्वी इम्प्लाइड स्टेटस म्हणत, आता मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. मुदतीनंतर एक दिवस जरी उशीर झाला तरी ही मुभा मिळत नाही. मग स्टेटस गेल्यापासून नव्वद दिवसांच्या आत ते परत मिळवण्यासाठी जास्त शुल्क भरून वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नसते. येथे एक गैरसमज आहे, त्याबद्दल थोडे लिहिते. कॅनडातच राहून पती-पत्नी स्पॉन्सरशिपचा अर्ज करणाऱ्यांसाठी 2005 पासून एक सवलत आहे: मुदत उलटून गेली म्हणून स्टेटस नसले तरी तेवढ्या एका कारणावरून अर्ज फेटाळला जात नाही. ही सवलत खरी आहे आणि तिने अनेक संसार वाचवले आहेत. पण ती अडचणीत सापडलेल्यांसाठी आहे, आणि ती आहे म्हणून मुदतीकडे काणाडोळा करणे धोक्याचे आहे, कारण स्टेटस नसताना कामाची परवानगी अडते, साध्या चौकशीचीही भीती वाटू लागते आणि घरात कायम दडपण राहते. ब्रॅम्प्टनला आमच्याच इमारतीत राहणारी एक विवाहिता त्या अवस्थेत होती. दारावर टकटक झाली की तिचा चेहरा कसा होई, ते मी पाहिले आहे.

कागदपत्रांच्या या साऱ्या कामात बाबांनी इकडून केलेली मेहनत मला सांगितलीच पाहिजे. आमच्या विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत झाली होती. तीन साक्षीदार, भटजींची सही, ग्रामसेवकांचा शिक्का. प्रमाणपत्रातला मजकूर हाताने मराठीत भरलेला होता. बाबांनी छत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले आहे. त्यांनी फुलस्केप कागदावर समास आखून, शाईच्या पेनने, त्या प्रमाणपत्राचे भाषांतर केले. "मांडव" या शब्दापुढे कंसात तो काय असतो हे लिहिले, साक्षीदारांच्या नावांचे स्पेलिंग प्रत्येकाच्या घरी जाऊन त्यांच्या आधार कार्डावरून पडताळले, आणि खाली स्वतःचे नाव, पदवी आणि निवृत्त शिक्षक असे लिहून सही केली. त्याचा फोटो मला आला तेव्हा मला रडू आले, कारण नियमानुसार तो कागद जोडता येणार नव्हता. अर्जदाराने किंवा तिच्या घरच्या कोणीही केलेले भाषांतर चालत नाही, मग ती व्यक्ती कितीही जाणकार असो. अधिकृत भाषांतरकाराकडून किंवा शपथपत्र जोडून ते बाहेरच्या व्यक्तीकडून करून घ्यावे लागते. बाबांना हे सांगताना माझा आवाज अडखळला. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "नियम बरोबर आहे. मुलीच्या कागदावर बापाची साक्ष कशी चालेल?" दुसऱ्याच दिवशी ते सकाळच्या एसटीने नागपूरला गेले आणि एका भाषांतरकार बाईंकडून, नोटरीसमोरच्या शपथपत्रासह, काम करून आले. त्या बाईंनी बाबांचे भाषांतर वाचून स्पेलिंग सगळी तशीच ठेवली, हे बाबांनी आवर्जून सांगितले.

ठरवून झालेल्या लग्नाचा पुरावा हा तेथे अनेकांना पडणारा प्रश्न आहे, पण आमच्या बाबतीत साक्षगंधाचे फोटो, लग्नपत्रिका, आहेराची वही आणि दोन वर्षांच्या फोनच्या नोंदी पुरेशा ठरल्या, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

व्हिजिटर म्हणून राहण्याची सर्वांत जड अट कामाची होती. मी लग्नाआधी दारव्ह्याच्या एका शाळेत पाच वर्षे विज्ञान शिकवत होते आणि दर महिन्याला आईच्या हातात पैसे देत होते. तेथे मला एक डॉलरही कमावण्याची परवानगी नव्हती. ओळखीच्या एका दुकानात रोख पैशांवर काम करण्याबद्दल विचारणा झाली, "सगळेच करतात" असेही सांगितले गेले, आणि घरभाडे भरताना पतींची होणारी ओढाताण मला दिसत होती. तरीही आम्ही नकार दिला, कारण परवानगीशिवाय केलेल्या कामामुळे व्हिजिटर म्हणून राहण्याची अटच मोडते आणि जी गोष्ट मी इतक्या काळजीने टिकवत होते ती मीच घालवली असती. ओंटारियोचा सरकारी आरोग्यविमाही व्हिजिटरला मिळत नाही, त्यामुळे खासगी विम्याचा हप्ता हा आणखी एक खर्च होता; पण तो टाळू नये, कारण तेथे दवाखान्याचे एक बिल वर्षाची बचत संपवू शकते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आजी गेली. त्या वर्षी विदर्भात पाऊस उशिरा आला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, आणि पहिला चांगला पाऊस झाला त्या रात्रीच ती झोपेत गेली. मी निघताना तिने माझ्या ओटीत तांदूळ आणि नारळ घालून म्हटले होते, "पऱ्हाटी फुटली का येजो वं माय." तिला वाटत होते की मी एक हंगाम राहून, कापूस फुटला की परत येईन.

माझ्या हातात तेव्हा काय होते ते सांगते. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित होता आणि मेंटेन्ड स्टेटसची मुभा देशात असेपर्यंतच असते. सीमा ओलांडली की ती संपते. जुन्या पासपोर्टातला व्हिसा मे महिन्यात संपला होता. म्हणजे मी भारतात आले असते तर परत जाण्यासाठी नव्याने व्हिसा मागावा लागला असता, आणि तो किती दिवसांत मिळेल, मिळेल की नाही, याची शाश्वती नव्हती. आमचा स्पॉन्सरशिपचा अर्ज कॅनडात पतीसोबत राहणाऱ्या पत्नीच्या वर्गातला होता. मी परत जाऊ शकले नसते तर एकत्र राहण्याची अट तुटून तो अर्जच कोसळला असता, आणि त्या वर्गातला अर्ज नाकारला गेला तर अपील करण्याचा अधिकार नसतो. देशाबाहेरून करायच्या वर्गात अर्ज केला असता तर अपिलाचा अधिकार राहिला असता आणि भारतात राहूनही अर्ज चालू राहिला असता. आम्ही पहिला वर्ग निवडला तो कामाच्या परवान्यासाठी, कारण आम्ही अर्ज केला तेव्हा असा परवाना त्याच वर्गातल्यांना मिळत होता. हा हिशेब आम्ही पैशांचा म्हणून केला होता. घरात म्हातारे माणूस आहे हे त्यात धरले नव्हते, आणि ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी वर्ग निवडण्यापूर्वी ते धरावे, असे मला कळकळीने वाटते.

पती म्हणाले, "तुला जायचे असेल तर जा, पुढचे आपण पाहू." बाबांनी फोनवर फक्त विचारले, "तारीख काय सांगते?" मी सांगितले. ते म्हणाले, "मग तिथूनच हात जोड." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेरवीच्या दिवशी भावाने फोन कोनाड्यात टेकवून ठेवला होता. मला पंक्तीतल्या लोकांचे फक्त पाय आणि द्रोण दिसत होते, वाढणाऱ्यांचे आवाज ऐकू येत होते, आणि आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. मी गेले नाही हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता. त्याचे दुःख अजून आहे.

जुलैअखेर मुदतवाढ मंजूर झाली आणि व्हिजिटर रेकॉर्ड नावाचा कागद आला, त्यावर पुढची तारीख छापलेली होती. त्या कागदावर देशात राहता येते, पण बाहेर जाऊन त्याच्या आधारे परत येता येत नाही; तो व्हिसा नव्हे, हे पुन्हा सांगते. त्यापूर्वी मे 2023 मध्ये सरकारने पती-पत्नी स्पॉन्सरशिपच्या अर्जदारांना खुला, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करता येईल असा, कामाचा परवाना लवकर मिळावा असे नवे उपाय जाहीर केले होते, आणि देशाबाहेरच्या वर्गात अर्ज करून कॅनडात जोडीदारासोबत राहणाऱ्यांनाही त्यात घेतले होते. मी 255 डॉलर भरून अर्ज केला. त्यासाठी वैध किंवा मेंटेन्ड स्टेटस हवे होते, आणि ते माझ्याकडे होते. सप्टेंबरमध्ये परवाना आला, ऑक्टोबरपासून मी एका पाळणाघरात काम करू लागले, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कायमच्या निवासाचा निर्णय आला.

काल संध्याकाळी ते काका पुन्हा आले. मी त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल करून पासपोर्टवरचा शिक्का कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले. खाली हाताने लिहिलेली तारीख नव्हती. प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मोजले तर एक्केचाळीस दिवस उरले होते. तिला वाटत होते की व्हिसावरच्या तारखेप्रमाणे अजून चार वर्षे आहेत. पासपोर्टला सहा वर्षे बाकी होती, ते एक बरे झाले. काकांनी खिशातून कापसाच्या वजनाची नोंद ठेवायची छोटी वही काढली आणि मजुरांच्या नावांखाली ती तारीख लिहिली, मग मला वाचून दाखवायला सांगितली. मुलगी फोनवरच होती. तिचा नवरा कामावरून आल्यावर आज रात्री आम्ही तिघे मिळून अर्ज भरायला बसणार आहोत, आणि तिच्या विवाह प्रमाणपत्राच्या भाषांतरासाठी बाबांनी नागपूरच्या त्या बाईंचा नंबर शोधून ठेवला आहे.